सात नंबरचं चित्र

एक आणि तेरा टिपणीस सर काढायचे.
मधली अकरा माझी.
वागळे इस्टेटमधली ती पत्र्याची शेड,
खाली बाटल्यांच्या बुचांचा कारखाना, वर आम्ही.
काचेखाली दिवा, काचेवर कागद,
कागदाला तीन भोकं, भोकांत पितळी खुंट्या,
आणि भर मे महिन्यात
दिव्याची धग प्रत्येकाच्या हनुवटीखाली.

मी चेंदणी कोळीवाड्याची. एकोणीस सरलेलं.
मुलाखतीला सरांनी चित्रं उघडलीच नाहीत, बोटं पाहिली.
जाळी विणतेस?
बापाची फाटलेली सांधते.
मग झालं, म्हणाले, इथंही तेच.
दोन टोकं मी देतो.

मिठाची जाहिरात होती, सरकारी.
आयोडीनचं महत्त्व सांगणारा बगळा.
सरांनी अख्खा स्टुडिओ कोपरीच्या खाडीवर नेला,
फिलोमिना शाईच्या बोटांनी, रहमतभाई कॅमेऱ्यावर चादर टाकून.
घोटाभर चिखलात उभं करून म्हणाले,
पक्षी बघू नका, वजन बघा.
वर जायचं असलं की तो आधी खाली बसतो.

सातवं चित्र तीनदा परत आलं.
पहिल्यांदा निळ्या पेन्सिलीत: हा बगळा की छत्री?
दुसऱ्यांदा काहीच नाही, नुसता चहाच्या कपाचा गोल.
तिसऱ्यांदा: सुंदर आहे. म्हणून चूक.
चौथ्यांदा मी वैतागून एक पाय चिखलातच ठेवला.
पंख उघडलेले, मान निघालेली,
आणि तो पाय, खालून कुणी धरल्यासारखा.
ते मात्र परत आलं नाही.

तेरा चित्रं, प्रत्येक दोनदा:
एक सेकंद आणि वर थोडंसं.
चित्रपट सुरू व्हायच्या आधी
लोक अंधारात खुर्च्यांचे नंबर शोधत असताना
बगळा उडाला.
आई शेंगा सोलत होती.
वर बघेपर्यंत गेलासुद्धा.

पैसे नव्हते, म्हणून रंगवलेले पारदर्शक ताव
आम्हीच गरम पाण्यात धुवायचो, पुढच्या कामासाठी.
फिलोमिनाची महिन्याची मेहनत
मोरीतून पांढरी पांढरी वाहत जायची.
ती म्हणायची, चल, आता हे खाडीत जाऊन उडणार.
पुढे कॉम्प्युटर आले. टेबलं वजनावर गेली.
रहमतभाईंनी राबोडीत घड्याळं दुरुस्त केली, मी शाळेत शिवण शिकवलं.
कुणी कुणाला फोन केला नाही.

परवा पेपरात सरांची चौकट.
एक तारीख, मधे आडवी रेघ, एक तारीख.
टोकं दिलेली.
मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले,
सवयच ती.

पाचपाखाडीला त्यांच्या मुलीने एक जाड पाकीट दिलं.
वर तुमचं नाव होतं, म्हणाली, आम्हाला काही कळेना.
आत तेरा कागद, कडा बिस्किटासारख्या.
सातव्याच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीत
दोनच शब्द: असू दे.

तीन हात नाक्याला रिक्षा कचकन थांबली.
पदर थोडा पुढे गेला, मग मागे आला.
हे एवढं शिकवायला सरांनी दोन महिने घेतले होते.
सिग्नल लांबचा होता.
भोकांची बाजू मुठीत धरली,
अंगठ्याखालून एकेक कागद सोडला.

बसला. उघडला. पाय अडकला.
सुटला.

आरशातून पोरगा बघत होता, विशीतला,
कानात काहीतरी घातलेलं, ते त्याने काढलं.
मावशी, पुन्हा एकदा करा ना.

मागून हॉर्न सुरू झाले.
मी पुन्हा एकपासून धरलं.