दोन नंबरचं काम

आता प्लेटा तयार येतात, कंपनीतून,
रिबिट ठोकून, चकाकणारा शिक्का लावून.
माझ्याकडे उरल्या चहाच्या टपऱ्या,
आणि निवडणूक आली तर भिंती.
पण तेव्हा अमळनेरात, धुळे रोडला,
हारून पेंटरच्या हातचा आकडा
शंभर पावलांवरून ओळखू यायचा:
आठाची कंबर बारीक, साताला किंचित वाक.

खोटंही पुष्कळ लिहिलं.
ज्याचा मामा तलाठी, त्याला 'महाराष्ट्र शासन',
ज्यानं कधी पेपर उघडला नाही, त्याला 'प्रेस',
एक्केचाळीस एक्केचाळीसचा 'दादा' तर
डोळे मिटून.
पैसे रोख. पावती नाही.

मग वैशाखात, पत्रा हाताला चटका देईल अशा दुपारी
कोकिळाबाई बडगुजर आली, लुना ढकलत.
पिशवीतून कागद काढला,
घडीवर फाटलेला, सैनिक ऑफिसचा गोल शिक्का:
पदकवाल्याच्या गाडीला खास प्लेट,
त्याच्या बायकोच्याही.
"म्हंजे मनी गाडीले बी," ती म्हणाली. "लिख."

कागदावर नवऱ्याचं नाव, नवऱ्याचा हुद्दा,
पदक कोणतं, कुठल्या बर्फात, कुठल्या साली.
तिच्यासाठी एकच रकाना: नाते.
त्यात तिनं शाईनं लिहिलेलं, बायको,
आणि उरलेली जागा रेघ ओढून बंद केलेली,
मनीऑर्डरीवर करतात तशी,
पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून.

फीत तिनं सोबतच आणली होती, रंग जुळवायला.
लाल, मधून एक पांढरी रेघ,
आणि डांबरगोळीचा वास.
ती वरच्या काठाला काढली.
मग ब्रश भरून विचारलं, नंबर?

ती सांगत गेली, मी काढत गेलो.
दोन. सात. पाच. नऊ.
न थांबता, न आठवता,
पाढा म्हणावा तशी.
सहाव्या आकड्याला माझा हात अडला.
"बाई, गाडीचा एवढा लांब नसतो."

तिनं जीभ चावली.
एकोणीस वर्षं तोच लिहीत आली होती
निळ्या अंतर्देशीवर, नावाच्याही आधी.
गाव नाही, गल्ली नाही,
खाली फक्त छप्पन एपीओ.
एक आकडा चुकला तर तिचं घर
दुसऱ्याच कुणीतरी वाचायचं.
"गाडीना तं मी कधी देखाच नही," म्हणाली,
आणि मागे जाऊन, वाकून, वाचू लागली:
एमएच एकोणीस...

टर्पेंटाईननं पुसायला हवं होतं.
का कोण जाणे, चिंधी उचलवेना.
वाळू दिलं. वरून पांढरा हात मारला.
त्याच्यावर सरकारी नंबर.
पैसे नको म्हटलं तर चिडली.
"फुकट त्यास्नी बी काही लिधं नही."
साठ रुपये, रंगाच्या डब्याखाली.

चौथ्या दिवशी दोघं आली.
ती पुढे. लोटन हवालदार मागच्या सीटवर,
काळा चष्मा, एक हात तिच्या खांद्यावर.
सुरुंगानं डोळे नेले तेव्हापासून
वळण त्याला त्या खांद्यातूनच कळायचं.
उतरून चाचपत गाडीच्या मागे गेला.
बोटं फितीवरून फिरली, मग आकड्यांवरून,
डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा.
एका जागी थांबली. सातावर.
वरच्या नंबरात तिथं सात नव्हताच.

मी उगाच चहा सांगायला निघालो.

"हारूनभाऊ," तो म्हणाला,
"रंग जरा जाड झाला."
"खरडून देऊ?"
"ऱ्हाऊ दे."

कोकिळाबाईनं पॅडल मारलं. दोनदा नाही लागली.
तिसऱ्यांदा धूर सोडत गेली
बहादरपूर नाक्याकडे,
आणि तो बसल्या बसल्या मागे हात नेऊन
प्लेटची कड धरायला बघत होता,
पोचत नव्हता.

वही काढून साठ रुपयांपुढे मांडलं:
नंबर दोन. प्लेट एक.
पैसे एकाचेच.