वीतभर

तोमरांच्या धाकट्याचा शाळेतला पृथ्वीचा गोल
तासाभरासाठी मागून आणला.
म्हणाला, "अंकल, वरचा स्क्रू ढिला आहे, हळू फिरवा."

अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्यात नकाशे काढले मी.
जलूदपासून इंदूरपर्यंत नर्मदेची नळवाट,
कुठे चढ, कुठे व्हॉल्व्ह,
झोपेतून उठवून विचारावं कुणी.
विनिपेग किती लांब, हे मात्र
सतरा वर्षांत कधी मोजलं नाही.

तुझ्या आईच्या डब्यातला दोरा घेतला,
साडीला फॉल लावायचा, मोरपंखी.
एक टोक इंदूरवर
(इंदूर छापलेलंच नाही,
भोपाळच्या शेजारी नखाने खूण केली)
दुसरं तुझ्यावर.
वाटलं, दोरा पश्चिमेला जाईल,
अरबस्तान, युरोप, मग तो मोठा समुद्र,
तू येतेस-जातेस तसा:
दिल्लीत सात तास, टोरांटोत चार,
एकूण एकोणतीस, पाय सुजवून घेत.

ताणला, तर सरळ वर निघाला.
जयपूरच्या अंगाने, हिमालय ओलांडून,
काशगर, सैबेरिया, मग नुसता पांढरा रंग,
तो ढिला स्क्रू,
आणि पलीकडे घसरत थेट तुझ्या दारात.

अकरा हजार नऊशे किलोमीटर.
ताशी नऊशेने सव्वातेरा तास.
असं विमान कुठलंच नाही.
दोरा मोजला. माझी एक वीत.

म्हणजे तू उत्तरेला आहेस, रेवा.
आणि मी आपला इतकी वर्षं
मावळतीकडे तोंड करून
काळजी करत बसलो.

रात्री गच्चीवर खुर्ची फिरवून घेतली.
सुदामानगरच्या काळ्या टाक्यांच्या जरा वर
ध्रुव.
तुझ्या लग्नात गुरुजींनी दाखवला तेव्हा ढग होते,
सगळे दिसला म्हणाले.
फोनवर तुला सांगितलं, तर हसलीस.
"बाबा, इथे उणे तीस आहे, वर कोण बघतं?"
माझ्याकडे साडेआठ, तुझ्याकडे नऊ.
अर्ध्याच तासाचा फरक, म्हटलं तर.
फक्त तुझी सकाळ होती.

मग तू तिकिटाचं विचारलंस.
मी गुडघ्याचं सांगितलं.
पासपोर्टवरचं आडनाव चुकल्याचं सांगितलं.
बिजासनच्या टेकडीवर जाऊन
भुट्टा खात विमानं बघतो, ते नाही सांगितलं.
बहुतेक दिल्लीचीच असतात.

गोल परत केला. दोरा उरला,
टाकवेना.
जाड लोकरी कोटाचं दुसरं बटण कधीचं लोंबत होतं,
तुझ्या आईने हट्टाने घेतलेला कोट,
इंदूरच्या थंडीला फार.
तिसऱ्या खेपेला सुईत ओवला.
चार छिद्रं, दोन फेरे,
बटण बसलं घट्ट.

गाठीपुरता मात्र राहिला नाही.
टोक दातात धरून
ओढून बघतोय अजून.