शेरा

बाबांनी भिंतीवरच्या नकाशावर दोरा ठेवला,
तांबडा, गोधडीला लावतात तसा.
एक टोक जयताळ्याच्या आमच्या फाटकावर,
नकाशात फाटक नाही, पण त्यांना दिसतं,
दुसरं कोल्हापूरच्या धावपट्टीवर.
मग दोरा फुटपट्टीवर ताणून म्हणाले,
"सातशे. थोडं इकडंतिकडं."

छत्तीस वर्षं बांधाबांधावरून साखळी ओढलेला माणूस.
दोन भावांमधली वीतभर जमीन
मेच्या उन्हात उभं राहून मोजून देणारा.
सातशे किलोमीटर सरळ रेषेत जाता येतं
हे त्यांना अजून पटत नाही.
"मधी कोणीच हरकत घेत नाही?"
"नाही, बाबा."
"अजब हाये बाप्पा."

तिकिटावर दीड तास.
तरी घरात प्रवास आदल्या संध्याकाळीच सुरू होतो.
सांबारवड्या तळायच्या, तेल निथळू द्यायचं,
कागदात, मग डब्यात, मग डबा पुन्हा कागदात.
सांबार म्हणजे कोथिंबीर
हे तिकडच्या लोकांना चार वर्षं समजावते आहे.
बॅग सातशे ग्रॅम जास्त भरली
तर बाबा माझी चप्पल काढतात, डबा नाही.

विमानतळावर ते येत नाहीत.
रिक्षा वळली की गच्चीवर जातात,
टाकीला टेकून उभे राहतात
ढोबळे काकूंच्या वाळत्या चादरींमागे.
पंख्यांचं छोटं विमान घरघरत वर येतं.
हात हलवत नाहीत.
घड्याळ बघतात.

या खेपेला गॅसचं कार्ड शोधताना
एक वही हाती लागली.
वा. ना. बोकडे, भूमापक, निवृत्त.
आत पट्टीनं आखलेले रकाने:
तारीख. उड्डाण. उतरलं. फोन. शेरा.
उतरल्याची वेळ मोबाइलवर कशी बघायची
ते खालच्या शार्दूलनं शिकवलेलं.

उड्डाण २.२०. उतरलं ३.४८. फोन ४.३५.
शेरा: सामान उशिरा आलं असेल.
उतरलं ३.५२. फोन ५.१०.
शेरा: रेंज नसावी.
उतरलं ४.०५. फोन नाही.
शेरा: दमली असेल.

मार्चमधल्या एका ओळीत
काहीतरी लिहून खोडलेलं होतं,
इतकं, की कागदाला लव आली होती.
उजेडात धरून पाहिलं. वाचता आलं नाही.

दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर
हात न कापता अतिक्रमण लिहिणारा हा माणूस.

ती सत्तेचाळीस मिनिटं कुठं गेली, मला माहीत आहे.
सामान तर पट्ट्यावर पहिलंच आलं होतं.
मी कॉफी घेतली, ऑफिसला फोन केला,
ड्रायव्हरशी तांबड्या रश्शावरून वाद घातला.
म्हटलं, घरी पोचून निवांत बोलू.

वही होती तिथं ठेवली. कार्ड सापडलंच नाही.

आज चाकं टेकली,
पट्टे सुटल्याचे खटखट आवाज झाले,
आणि मी तिथूनच लावला.
"उतरली? इतक्यात?"
"हो."
"थांब, पेन्सिल घेतो."
पानं उलटल्याचा आवाज. खोकला.
"किती?"
"तीन एक्कावन्न."
"अन् फोन?"
"तीन त्रेपन्न, बाबा."

बराच वेळ काही लिहिल्यासारखं वाटलं नाही.
मागून कोणी म्हणालं, ताई, चला, दार उघडलंय.
मी डबा छातीशी धरून तशीच उभी.

"मंग," बाबा म्हणाले,
"शेऱ्यात काय लिहू?"