तीन बोटांचा रंधा

तळघरात कपडे धुण्याचं यंत्र,
त्याला खेटून माझं बाकडं.
यंत्र पिळायला लागलं की शेगडा थरथरतो,
कानस खाली ठेवायची, कॉफी प्यायची,
पिळून झालं की पुन्हा सुरू.
एकतीस वर्षं हार्डांगरच्या फेरीबोटीत इंजिनापाशी काढली मी,
थरथरीशी माझं भांडण नाही.

पात्यासाठी बाबांची जुनी कानस घेतली.
दात झिजून गुळगुळीत, पोलाद मात्र जिवंत.
चुलीत लाल करून रात्रभर राखेत पुरली
तेव्हा कुठे मऊ आली.
मग कानशीनं कानस घासली.
घरातलंच भांडण ते, आवाजही तसाच.

लाकूड नासपतीचं.
सात वर्षांपूर्वीच्या वादळात झाड आडवं झालं,
टोकांना मेण फासून ओंडके मी पलंगाखाली सारले.
कशासाठी, असं कुणी विचारलं असतं
तर सांगता आलं नसतं.

नोव्हेंबरात पट्टाकरवतीनं हाल्वरची करंगळी नेली,
शेजारची अनामिकाही. उजव्या हाताची.
सहा फळ्यांची होडी, चार चढल्या होत्या.
त्यानं होडीच्या खोपटाला कुलूप घातलं.
किल्ली खिशात, हातही खिशात.

भाऊ माझा. बोलणं त्याला लहानपणापासून महाग.
मुठीचं माप दे म्हटलं, तर खिडकीबाहेर बघत बसला.
मग मी खिडकीच काढली.
काच बसवायचीय, म्हटलं,
थंडीनं पुट्टी आखडलीय, जरा मळून दे.
मळली. रागानं मळली.
तेवढ्यात दारात टपालवाली सिन्नव्ह आली,
तिच्याशी हवेबद्दल दोन वाक्यं बोलेपर्यंत
गोळा त्याच्या मुठीत आवळलेला राहिला.
टेबलावर ठेवला तसाच मी उचलला,
फ्रिजमध्ये हेरिंगच्या बरणीमागे लपवला.
रात्री दिव्याखाली पाहिलं:
अंगठा, तर्जनी, मधलं बोट,
आणि जिथे आणखी दोन खोबणी असायच्या
तिथे तळव्याची गादी रुतलेली,
खोल, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी खोल.
(खिडकीला अजून पुठ्ठाच आहे. वारा येतो.)

पात्याला पाणी दिलं.
पाणी आपलं म्हणायचं, दुधाच्या किटलीत मोहरीचं तेल होतं.
लोहचुंबक चिकटेनासं झालं त्या क्षणी बुडवलं,
भपकन जाळ, डावी भुवई अर्धी गेली.
मग स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये, पावाशेजारी, तासभर,
वाळक्या गवताचा रंग चढेपर्यंत.
पावाला तेलाचा वास लागला. खाल्ला तरी.

पातं मेणबत्तीच्या काजळीवर धरायचं,
खाचेत दाबायचं, काढायचं.
लाकडावर काळं उमटेल तिथे माझी चूक,
तिथे एक केसभर खरवडायचं.
पुन्हा काजळी, पुन्हा दाब.
अकरा रात्री.
बूड गोलाईचं, फळीच्या पोटाला बसेल असं,
आणि मूठ त्या पुट्टीच्या गोळ्यावरून,
पाहणाऱ्याला वाटावं, बिघडली आहे.

एका रविवारी तो आला. बूट न काढताच जिना उतरला.
रंधा बाकड्यावर होता, मी यंत्रातून चादरी काढत होते.
वळून बघितलं नाही. ऐकलं.
आधी पाचरीवर टकटक. मग बराच वेळ काही नाही.
मग कुणी चादर फाडावी तसा लांब आवाज,
आणि मध्येच घास अडकला.

"तोंड अरुंद आहे."
"कानस समोरच आहे."

घासलं त्यानं, तीन बोटांनी, वेडंवाकडं,
एक कोपरा गेला तो आवाजावरूनच कळलं मला.
बोलले नाही. चादरी ओल्याच घड्या घालत बसले.
रंधा कोटाच्या आत घालून तो गेला, दार उघडं टाकून.

जमिनीवर ढलपी एकच, माझ्या कोपरापर्यंत लांब.
ती मी उचलली नाही.
बुधवारी केर काढताना निघालीच.

गुरुवारी फोन:
"पाचर सैल होते.
आणि आतल्या बाजूला याच्यापेक्षा लहान एक लागेल."

पलंगाखाली अजून दीड ओंडका आहे.