नक्षी : प्राणी

बोहरी आळीत माझं टेबल, दोन फूट बाय दीड.
'भांड्यांवर नावे घालून मिळतील.'
अक्षराला दोन रुपये, तारीख फुकट.

खरासशेट आले ते भर दुपारी,
रुमालातून पोलादाची एक पट्टी काढली,
तळहाताएवढी, एका टोकाला निमुळती.
'शिकारी रायफलची आहे. रायफल कपाटात,
लायसन्स खिशात. घाबरू नकोस.'
मी घाबरलो नव्हतो. भिंग शोधत होतो.

पट्टीवर जंगल.
दूर कुठल्या थंड गावात, खिडकीशी बसून,
जन्मात असलं रान न पाहिलेल्या माणसानं
ऐकीव माहितीवर कोरलेलं.
वाघाला तोंड कुत्र्याचं, मिशा पोस्टमास्तरच्या,
बांबूला पानं भलत्याच झाडाची.
हसलो. मग आठवलं,
मीही वाघ पाहिलाय तो कात्रजला,
जाळीतून, पाठमोरा.

पण गवत!
एकेक पातं एका श्वासात ओढलेलं,
टोकाशी इतकं बारीक होत गेलेलं
की संपलं कुठे, सांगता येऊ नये.
हात कुठेच थरथरलेला नाही.
माझं मशीन तर थरथरीवरच चालतं.

हरिणीला मात्र तोंड नव्हतं.
शंभर वर्षं जो कुणी रायफल धरी
त्याचा अंगठा नेमका तिथे बसे.
मान वळवून ती बघत होती,
कशानं बघत होती ते झिजलं होतं.
'डोळा घाल,' शेट म्हणाले,
'एक ठिपका. काय घ्यायचं ते घे.'

एका ठिपक्याचा माझा दर नाही.
अनुस्वार मी फुकट देतो.

तीन दिवस पट्टी गल्ल्यात होती,
वर कै. भागीरथीबाईंच्या स्मरणार्थ
एकवीस फुलपात्री.
तिसऱ्या रात्री वाघाच्या पंजाखाली, गवतात,
गवतच वाटावं असं एक अक्षर दिसलं.
मग दुसरं. मग सबंध नाव.
मालकाला न विचारता घातलेलं.

अठ्ठावीस वर्षं झाली मला.
किती वाट्या शेजारून घरी परतल्या
माझ्या अक्षरावरून.
एकीवरही मी नाही.

पट्टी तशीच परत केली.
'शेट, डोळा घातला तर तिला अंगठा दिसेल.'
शेट बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
रविवारी कॅम्पात घरी नेलं,
अकराच्या अकरा काढून दाखवल्या.
घरात एक गोळी नाही.
'बाप घड्याळं दुरुस्त करायचा,' म्हणाले,
'मला बारीक काम बघायची सवय लागली.
माणसं विचारतात, किती मारले.
कुणी विचारत नाही, किती पाहिले.'

मग निवडणूक आली. आचारसंहिता.
हत्यारं ठाण्यात जमा.
दोन रिक्षा केल्या, म्यानं मी उचलली.
टेबलामागे हवालदार बाई, समोर रजिस्टर.
'काही खूण? नक्षी?'
शेट सांगू लागले : गवताचं पातं बघा, डावीकडून...
बाईंनी लिहिलं,
नक्षी : प्राणी.
पुढची.

निकाल लागले. गुलाल धुतला गेला.
शेट त्याआधीच गेले, झोपेत.
मुलगी परदेशात, कागद कुठे कुठे अडकलेले.
अकरा रायफली मालखान्यात.
माझ्याकडे कागदावर पेन्सिल घासून घेतलेली
त्या पट्टीची छाप,
पावतीपुस्तकाखाली. तिला लायसन्स लागत नाही.

काल त्या बाई आल्या, साध्या साडीत,
चार पुडांचा डबा घेऊन.
मला ओळखलं नाही, मग ओळखलं.
'त्या तुमच्या बंदुका अजून आमच्याकडेच.'
थांबल्या.
'एकीवरच्या हरिणीला तोंडच नाही हो. पाहिलंत?'

मी विचारलं, नाव काय घालू.
'कुंदा लोखंडे.'

मशीन बाजूला ठेवलं,
बाबांची छिन्नी काढली.
आधी सगळी अक्षरं.
मग दोन ठिपके,
सावकाश.