पहिले दोन दगड

रात्री दोनला संयोगितेनं मोबाईल
पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला.
‘आत्ती, बघ गे, बाया बर्फावर झाडायल्यात!’
मी उठून बसलो.
आमच्या बेळगुंदीत बाईमाणूसही ‘मी बसलो’च म्हणते,
पुण्याची पाहुणी हसली तर हसू दे.

लांबच लांब बर्फ, नुकती पुसलेली फरशी जशी.
पार टोकाला रंगीत वर्तुळं,
एकात एक, कुणी निवांत बसून काढलेली.
एकीनं गुडघा मोडून, घसरत घसरत दगड सोडला:
वीस किलोचा, वर मूठ.
आमच्या पाट्याला मूठ बसवली तर असाच दिसेल.
आणि त्याच्यापुढं दोघी झाडत सुटल्या
दारात वरात आलीय आणि
अंगण तसंच राहिलंय अशा.

संयोगिता ऐकून ऐकून सांगत होती.
ही इशबेल. स्कॉटलंडची. मेंढरांचा गाव.
एकेचाळीस वय, बावीस वर्षं खेळायली.
जगात दोनदा चौथी आली.
आज शेवटची मॅच.
टीमचे पहिले दोन दगड हिचे,
मग बाकीच्यांच्या सहा दगडांपुढं झाडायचं.
‘आणि जिंकवणारा?’
‘तो शेवटचा गे. तो कॅप्टन टाकते.’

तिथून मी चष्मा लावून बघायला लागलो.

मी चौथ्या चौकटीत बसायचो.
खुंटावर सूर मारायची ती निंगव्वा हादिमनी,
बैलहोंगलची; पेपरात फोटो तिचा,
धुळीत आडवी, हात लांब, तोंड उघडं.
फोटोच्या कडेला एक पाठ दिसते,
ती माझी.
तिला मराठी येईना, माझं कन्नड बाजारापुरतं,
भाव विचारण्याएवढं.
पण ‘खो’ दोघींना एकच कळायचा.
पाठीवर हात पडला की उठायचं,
कुणाचा हात ते बघायचं नाही.

धारवाडला तिसरे आलो.
सर्टिफिकेटावर तुळसा मेणसेची
तुळसव्वा झाली. मी टेबलापुढं उभा राहिलो थोडा वेळ.
कारकुनानं मान वर केली नाही.
त्याच तुळसव्वाला पुढं हायस्कुलात शिपायाची नोकरी लागली,
म्हणून तिच्यावर माझा राग नाही.

संयोगिता म्हणाली, झाडताना दगडाला शिवायचं नसतं,
ब्रश लागला की दगड बाद.
फक्त त्याच्यापुढची वाट
जराशी ऊन करायची, दोन हात लांब जातो.
दोन हातांसाठी
बावीस वर्षं.
मी मनात हिशेब घातला, मग सोडून दिला.

शेवटचा दगड कॅप्टनच्या हातून हळू सुटला.
इशबेल वाकली, झाडली, झाडली,
खांद्यातून वाफ येईल एवढी झाडली.
दगड वर्तुळाच्या अलीकडं थांबला,
आमच्या उंबऱ्याच्या आत न येणाऱ्या सोयऱ्यासारखा.

कॅप्टनभोवती कॅमेरे. कॅप्टन रडली.
इशबेल खाली बसली,
आपला एक दगड आडवा करून
त्याचं बूड हातानं पुसली,
कडेला नेऊन बाकीच्यांशेजारी ठेवली,
मूठ सरळ केली.
तेवढंच दाखवलं.
पुढं साबणाची जाहिरात.

‘आत्ती, हिला शेवटी काय मिळालं गे?’
‘झोप आता. सातला बस आहे तुझी.’

मी मात्र झोपलो नाही.
सकाळी मैदानावर काजूची पानं पडलेली,
तांबडी माती, दंवानं बसलेली.
खराटा घेऊन पाटी झाडली, आठी चौकटी झाडल्या.
चौथीत एक खडा रुतलेला,
वर्षभर दिसत होता, वर्षभर राहून जात होता.
अंगठ्यानं उकरला. निघेना.
खिळा आणून काढला.

तोवर पोरी आल्या. सर फक्कीची रेघ मारत आले.
‘मावशी, सरका की,’ म्हणाली नदाफांची रेश्मा,
आणि त्या चौकटीत बसली
माझ्याकडं पाठ करून.
हात नुसता पुढं गेला माझा.
मग खराटा उचलून
मी सरकलो.