पायाची सुट्टी

होटगी रोडला, माझ्या शेडच्या दारात
रेवणसिद्ध हळकुडेनं गाडी लावली
आणि किल्ली टाकली टेबलावर, चिवड्याच्या कागदावर.
"काढून टाक बे ते."
तीनशे ऐंशी घोडे, रंग पिकल्या मिरचीचा.
मार्चअखेर, दुपारचे दोन,
बॉनेटवर हात ठेवायची सोय नाही.

"काय काढू?"
"ते. पुढची गाडी बघून आपोआप हळू होणारं.
मी काय म्हातारा झालो का?
घोड्यावर बसायचं मी आणि लगाम दुसऱ्याच्या हातात?"

बसा आधी, म्हटलं, पाणी प्या.
बंपरमधली ती काळी चकती फडक्यानं पुसली.
धूळ, चिलटं, पाचटाचा एक तुकडा.
एवढासा डोळा.

माझा बाप, नरसय्या गाजूल,
साखर पेठेत चोवीस वर्षं मागावर उभा होता.
चार माग एकदम चालायचे, आणि त्या खटखटीत
एक धागा तुटला तरी त्याला कळायचं.
कसं? विचारलं तर नुसतं कानाला बोट लावायचा.
मग मालकानं नवे माग आणले:
धागा तुटला की पत्ती पडते, माग आपला आपण थांबतो.
त्या दिवशी बाप जेवला नाही.
म्हणाला, आता हे कान काय भंगारात घालू?

पण रात्रपाळी लागली तेव्हा
तोच माग त्यानं मागून घेतला.
पहाटे तीनला उभ्या उभ्या डोळा लागायचा,
कुठंतरी पत्ती पडायची,
आणि ती शांतता त्याला जागं करायची.

हे मी हळकुडेला सांगितलं नाही.
गिऱ्हाइकाला बापाची गोष्ट सांगितली
की बिल कमी करावं लागतं.

हैदराबाद रोडनं बोरामणीपर्यंत गेलो.
त्यानं पाय दाबला की पाठ सीटमध्ये रुतायची,
आणि खोटं कशाला बोलू,
माझ्याही पोटात गुदगुल्या.
हे कुणी कुणाकडनं काढून घेऊ नये.

मग पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, एकीला एक जोडलेली.
म्हटलं, पाय काढा. आता बघा.
तीनशे ऐंशी घोडे
सव्वीसच्या वेगानं
ट्रॉलीमागं गुमान,
सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखे.
हळकुडेचं तोंड गाडीच्या रंगाचं झालं.
"हे. हेच. ही काय गाडी हाय?"
मला उत्तर सुचलं नाही. वाईटच दिसत होतं ते.
शिवाय मागं लोंबणारे ऊस त्या डोळ्याला दिसलेच नाहीत;
मी ओरडलो, तेव्हा यानं ब्रेक मारला.

काढलं नाही मी. काढता येतं,
पण एका वायरीच्या पोटात दहा वायरी.
चालू करायची सोय स्क्रीनवर आत कुठंतरी दडलेली,
ती स्टिअरिंगवर आणली, अंगठ्यापाशी, एक बटण.
हवं तेव्हा दाबा.
"मी दाबणारच नाही," म्हणाला,
आणि पाचशे कमी दिले.

श्रावणात गाडी सर्व्हिसिंगला आली.
कॉम्प्युटर लावला. त्याच्यापासून काही लपत नाही.
एकशे चौदा वेळा.
बहुतेक रात्री एकनंतर.
शेजारची सीट पार मागं पाडलेली, वर उशी,
उशीला खोबरेल तेलाचा गोल डाग,
पायाशी पुण्याच्या एका हॉस्पिटलची पिशवी.

हळकुडे बाहेर सावलीत शेंगा फोडत उभा.
"ते कधी वापरलं नाही ना?" मी आतूनच विचारलं.
"छे बे."

बटणावरचं चिन्ह अंगठ्यानं पुसट झालेलं.
नवं बसवलं.
बिलात लिहिलं: ऑइल, फिल्टर, किरकोळ.
किरकोळ म्हणजे काय
त्यानं विचारलं नाही.
पैसे या वेळी पूर्ण दिले.